झोळीचे पट्टे

माझा भाऊ लग्नातून परतताना अर्ध्या प्यालेल्या पाण्याच्या बाटल्या पिशवीत घालून आणतो. "पानी शे व ते, फेकी देवानं का?" असं वर मलाच विचारतो. त्या बाटल्या मग त्याच्या फ्रिजच्या दारात उभ्या असतात, कुणाकुणाच्या ओठांना लागलेल्या, आणि पाहुण्यांना त्यातलंच पाणी मिळतं. मी त्याच्याकडे गेले की माठातलं पाणी पिते, तेही माझ्या हाताने भरलेलं. काटकसर वेगळी आणि हे वेगळं. याची मला शिसारी येते आणि ती मी कधी लपवत नाही.

आखाजी जवळ आली होती. अक्षय तृतीयेला आमच्या खान्देशात आखाजी म्हणतात आणि तो लेकींचा सण. दिलेल्या पोरी माहेरी येतात, सांजोऱ्या आणि आमरस हाणतात, सासरच्यांची गाण्यांतून यथेच्छ निंदा करतात आणि निंबाच्या झोक्यावर बसतात. तो झोका भावाने बांधायचा असतो. साठीच्या बायकाही त्या दिवशी परकर सावरत झोक्यावर चढतात. मी जळगावला पिशव्या आणि दप्तरं शिवायचं दुकान चालवते. आखाजी आली की शटर ओढते आणि धुळ्याजवळच्या आमच्या गावी जाते. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे.

पण मागच्या पावसाळ्यात आमचे दाजी गेले. दाजी म्हणजे अक्काचे यजमान, आणि अक्का म्हणजे आमची थोरली, पिंपळनेरला दिलेली. साक्रीहून घरी येताना दाजींची गाडी रस्त्यात उभ्या ट्रकवर आदळली. एकटेच होते. सीटचा पट्टा बांधलेला नव्हता. पट्टा बांधला असता तर वाचले असते, हे पंचनामा करणाऱ्याने सांगितलं, डॉक्टरने सांगितलं आणि दुखवट्याला आलेल्या प्रत्येक शहाण्याने आमचाच चहा पितापिता सांगितलं. काही जण तर आपली गाडी दाराशी लावून आलेले, आणि बांधत तेही नव्हते. मेल्या माणसाच्या घरात बसून हुशारी पाजळणाऱ्यांची मला ओकारी येते.

अक्का मात्र सगळ्यांना एकच उत्तर द्यायची. "इतलीशी पट्टी. इतला धिप्पाड मानूस. ती काय धरी ठेवती?" एवढं बोलून ती पदराने कपाळ पुसायची आणि समोरच्याला बिस्किटं पुढे करायची. त्या एका वाक्यावर तिने वर्ष काढलं. आम्हीही मान डोलवायचो. खरंच, बोटभर जाडीची सुद्धा नसलेली पट्टी, ती काय धरणार? झोप मात्र तिची गेली ती गेलीच. दुपारी नाही, रात्री नाही. फोन केला की आवाजावरून कळायचं.

मला एवढंच हवं होतं की तिने आखाजीला यावं आणि माहेरी चार घटका डोळा लागावा. त्यात आमच्या काकूने काडी घातली. घरात आता तीच वडीलधारी. तिने फोनवर बजावलं, "येवो बापडी, पन तिले झोकावर बसाडू नका." आमच्या भाऊबंदांत म्हणे नवरा गेलेली बाई झोक्यावर बसत नाही. कुठल्या मेल्याने ठरवलं देव जाणे. काकूशी भांडण्यात अर्थ नव्हता, तिचे कान सोयीने बहिरे होतात. आणि अक्काच्या कानावर हे गेलं असतं तर ती आलीच नसती. ती मुकाट ऐकणाऱ्यांतली.

मग मला झोळीचं सुचलं. माझी भाची, म्हणजे भावाची लेक, ज्याला हॅमॉक म्हणते ती. दोन झाडांच्या मध्ये कापड टांगायचं आणि त्यात आडवं व्हायचं. झोक्याचे नियम काकूला पाठ आहेत, पण झोळीबद्दल तिच्या शास्त्रात काही लिहिलेलं नाही. एकट्या अक्कासाठी बांधली असती तर सगळ्यांचं बोट तिच्याकडे गेलं असतं, म्हणून सगळ्यांसाठीच बांधायच्या ठरवल्या. अक्काला, मला, काकूच्या दोन्ही लेकींना आणि भाचीला. घराला लागूनच, विहिरीजवळच्या बांधावर निंबांची रांग आहे, झाडं हवी तेवढ्याच अंतरावर. यंदा झोका नाहीच, गुडघे गेलेल्या बायकांना फळीवर कशाला चढवायचं, असं मी घरात पसरवून दिलं.

झोळ्या शिवणं सोपं. सोलापुरी चादर दुहेरी केली, दोन्ही टोकांना नेफा शिवला, त्यातून जाड दोर ओवला, झाली झोळी. अडलं ते झाडाला काय गुंडाळायचं यावर. तयार पट्टे मोबाईलवर पाहिले तर झोळीपेक्षा पट्टेच महाग. नायलॉनची दोरी सालीत रुतते. आमच्या एका निंबाला म्हशीच्या दाव्याने पाडलेला करकोचा अजून आहे आणि त्याच्या वरचं झाड कायम आजारी. खाटेची नवार ताणत जाते आणि झोपलेल्या बाईची पाठ हळूहळू जमिनीला टेकते. रुंद हवा, न ताणणारा हवा, भक्कम हवा आणि परवडणारा हवा. शेवटचा शब्द मी भावासमोर उच्चारायला नको होता.

त्याने आधी यावलकडच्या सासुरवाडीहून केळीला वाऱ्यात आधार द्यायची प्लास्टिकची पट्टी आणली. वापरलेली, हे सांगायला नको. उन्हाने तिचा पापड झाला होता. मी म्हटलं, आधी तू बस. तो बसला आणि ढुंगणावर आपटला. मला फार बरं वाटलं.

मग एक दिवस तो जळगावला माझ्या दुकानात आला, हातात गोणी. गोणीत मोटारीचे पट्टे. सीटवर बसल्यावर छातीवरून बांधायचे ते, काळे आणि करडे. माझ्या कपाळावरची आठी पाहून तो घाईने म्हणाला, "कारखानाना रिजेक्ट माल शे. बठ्ठा नवा."

त्याच्या बोलण्यावर मी विश्वास ठेवत नाही, पण स्वतःच्या हातावर ठेवते. माझा जन्म पट्ट्यांत गेला. वापरलेला पट्टा मला बोटं फिरवताच कळतो. कडा पिंजलेली असते, घडी पडून पडून रेघ उमटते, घामाचं मीठ लागतं. या पट्ट्यांना त्यातलं काही नव्हतं. वीण घट्ट, कडा सरळ, अंगावर दुकानातली चमक. जरा धूळ आणि ऑइलचा वास होता, तो मी गोणीच्या माथी मारला. पट्ट्यावर खटक्यात अडकवायची लोखंडी जीभ असते, ती मात्र एकाही पट्ट्यावर नव्हती. त्या मला कडीसारख्या वापरता आल्या असत्या. "जिभा कुठं गेल्या?" विचारलं तर म्हणाला, "त्या दोस्त लई ग्यात." कशाला? "लागतस." नुसती जीभ कुणाला कशाला लागेल, मी डोकं चालवलं नाही. शिवायला बसले.

पट्ट्याचं टोक दुमडून फास केला, त्यावर चौकोनी शिवण घातली, चौकोनात फुली मारली आणि त्यावरून पुन्हा एकदा मशीन फिरवलं. शिवताना पट्ट्याचं मोकळं टोक मी दातांत धरते. घाण सवय आहे, पण जाड कामाला दोन हात पुरत नाहीत. ते सगळे पट्टे मी असे दातांत धरून शिवले, आणि मनात म्हणत राहिले की आयुष्यात पहिल्यांदा भावाने काहीतरी धड आणलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही झोळ्या टांगल्या. पट्टा बुंध्याला वेढून त्याचं टोक फासातून ओढलं की तो आपला आपण आवळतो, गाठ मारावी लागत नाही आणि साल सोलत नाही. डोक्याच्या उंचीला बांधला की माणूस बसल्यावर झोळी खुर्चीएवढी खाली येते. भावाचे डोळे सवयीने सारखे फांद्यांकडे जात होते, झोका बांधणाऱ्याला बुंधा दिसतच नाही. शेवटच्या झोळीला एक पट्टा कमी पडला. "मी लई येस," म्हणून तो एकटाच निघाला. मला हूकही घ्यायचे होते, म्हणून त्याच्या मोटारसायकलवर मागे बसले. तो नको नको म्हणत होता. उन्हात कशाला, मी आणतो. बहिणीच्या उन्हाची एवढी काळजी त्याने याआधी कधी केली नव्हती.

धुळ्याबाहेर हायवेला लागून भंगाराचं आवार आहे. मला वाटलं, टायर बघायला थांबला. आत गेलो तर चेपलेल्या गाड्यांची रांग. एकीचं तोंड पार सीटपर्यंत आत गेलेलं, दुसरीचं छप्पर खाली बसलेलं. काचांचा चुरा उन्हात पसरलेला. आवाराच्या म्हाताऱ्या मालकाने भावाला ओळखलं आणि न विचारताच एका गाडीच्या दाराकडे गेला. दार उघडलं तसा आतून कोंडलेला वास आला. सीटच्या कापडावर मोठा, कडा वाळलेला डाग होता. आरशाला लिंबू-मिरची अजून टांगलेली होती. म्हाताऱ्याने आत हात घालून पट्टा ओढला. तो सर्रकन निघाला, काळा, चकचकीत. म्हाताऱ्याने सुरी लावली.

माझ्या तोंडात पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं ते. "हे असले होते?" मी भावाला विचारलं. तो दुसरीकडे बघायला लागला. मला तरीही पटेना. मी म्हाताऱ्याला म्हटलं, "चाचा, पण ते सगळे नवे होते. मी स्वतः पाहिलेत."

"बाई, पट्टे नवेच निघतात," तो सुरी पुशीत म्हणाला. "बांधतंय कोण? खटक्यात अडकवतात अन् त्याच्यावर पाठ टेकवून बसतात, पट्ट्यावाचून गाडी ओरडते तो आवाज नको म्हणून. गाडी जाते, सीट जाते, पट्टा नवाच राहतो."

मी आवाराच्या नळावर जाऊन खळखळून चुळा भरल्या. दातांवरून बोट फिरवलं. तरी तोंडात ती वीण जाणवत राहिली. मला किळस कशाची जास्त आली ते सांगता येणार नाही. मेलेल्या माणसांच्या पाठीमागून निघालेला माल मी तोंडात धरला होता याची, की तो इतका स्वच्छ होता याची. भाऊ मागे उभा राहून म्हणाला, "चाल, ऊन व्हयी ऱ्हायनं." त्याने तो पट्टा घडी करून खिशात घातलेला होता.

मोटारसायकलवर मी त्याच्या खांद्याला हात लावला नाही. एकच विचार चालला होता की संध्याकाळी अक्काची एसटी यायच्या आत झाडावरून ते सगळं उतरवायचं. अक्काला यातलं काही दिसता कामा नये. ती ज्या वाक्यावर उभी होती, की इतलीशी पट्टी काय धरणार, त्याच्या खालीच आम्ही हे बांधून ठेवलं होतं.

बांधावर पोचलो तर अक्का आलेली होती. एसटी लवकरची मिळाली म्हणे. घरात उकडत होतं, भाची तिला थेट निंबाखाली घेऊन आली होती. ती पहिल्याच झोळीत आडवी झाली होती आणि झोपली होती. तोंड अर्धं उघडं, चष्मा पोटावर, एक पाय झोळीबाहेर. वर्षभरात मी तिला तसं झोपलेलं पाहिलं नव्हतं. पट्टा काढायचा तर तिला उठवायला लागणार होतं. मला धीर झाला नाही.

मग मी आणि भाऊ तिच्यापासून थोड्या अंतरावर कुजबुजत भांडलो. कुजबुजत शिव्या देणं फार अवघड असतं. मी म्हटलं, तू पैशापायी शेण खाशील आणि आम्हाला वाढशील. तो म्हणाला, "मायनी पितळनी घागर मोडमाईन लिधी व्हती, तवय तुले चालनं." मी म्हटलं, मोडीतून घेतली असली तरी घागरीत कोणी मेलं नव्हतं. तो म्हणाला, "पट्टामा तरी कुठे कोनी मरनं?" आणि ते इतकं खरं होतं की मला त्याच्या कानफटात मारावीशी वाटली.

आमच्या कुजबुजीनेच ती जागी झाली असेल. उठताना आधाराला हात वर गेला आणि पट्ट्यावर पडला. ती तशीच थांबली. अंगठा पट्ट्याच्या कडेवरून मागेपुढे फिरला. मग तिने चष्मा लावला.

"हाऊ गाडीना पट्टा शे."

भावाने खिशातला पट्टा आणखी आत दाबला.

"आमनी गाडीमा असाच व्हता. करडा." तिने मान वर करून पट्टा बुंध्यापर्यंत पाहिला. मग मला म्हणाली, "ये, बस."

"अक्का, मी काढते ना हे, तू ऊठ."

"बस म्हनस ना."

मी तिच्याशेजारी बसले. झोळी खाली गेली. तिने भावाकडे पाहिलं. "तूबी ये." भाऊ हिशेबात कच्चा नाही, तिघांचं वजन त्याला कळत होतं, पण अक्काच्या आवाजाला तो लहानपणापासून भितो. तो बसला. चादर करकरली, निंबाची पानं हलली, आमचे पाय जमिनीला लागले आणि अक्काने ते वर उचलायला लावले. मग ती झोळीला जोराने हिसके द्यायला लागली. एकदा, पुन्हा, पुन्हा. तिचं सगळं लक्ष वर पट्ट्यावर होतं. ती तो तुटायची वाट पाहत होती. मलाही त्या क्षणी वाटलं, तुटू दे रे देवा, पाठ मोडली तरी चालेल. माझ्याच हाताची शिवण, चौकोन आणि फुली, दोनदा मारलेली. टाकासुद्धा उसवला नाही.

अक्का थांबली. धाप लागली होती. "धरस," ती म्हणाली. "धरस व, हाऊ." मग तिने पदर तोंडाला लावला आणि रडली. दाजींच्या दहाव्यालाही ती अशी रडली नव्हती. आम्ही तिघं त्या घाणेरड्या झोळीत एकमेकांवर कलंडून बसलो होतो आणि उतरायचं कुणाला सुचत नव्हतं. भावाची आणि माझी स्वतःची मला इतकी किळस आयुष्यात दुसऱ्यांदा आलेली नाही.

तिनेच डोळे पुसले. "हाई बठ्ठं काढ," भावाला म्हणाली, "आन् माले झोका बांध."

काकू ओट्यावरून काहीतरी बोलली. अक्काने नुसतं वळून तिच्याकडे पाहिलं, आणि काकूला एकदम कढईतली सांजोरी आठवली. भावाने घरातला जुना दोर काढला, फांदीवर टाकला, फळी अडकवली. आखाजीच्या दिवशी सगळ्यांत आधी अक्का बसली. गाणं तिने म्हटलं नाही, पण उतरलीही नाही लवकर. पट्टे मी निंबांवरून काढून ढिगाला टाकले होते, जाळायला. दुपारी पाहते तर ते नीट गुंडाळून गोणीत परत गेलेले. "काही तरी कामले येतीन," म्हणे. मी हात जोडले.

सण झाल्यावर भाऊ अक्काला, फक्त लांबच्या प्रवासाला बाहेर काढतो त्या त्याच्या मोटारीने, पिंपळनेरला सोडायला निघाला. मीही मागे बसले. अक्का पुढे बसली. बसल्याबसल्या तिने आपला पट्टा ओढून छातीवरून घेतला आणि खटक्यात बसवला. कट्ट आवाज आला. भावाने गाडी सुरू केली. त्याचा पट्टा अंगावर नव्हता आणि तरीही गाडी गप्प होती.

साक्री मागे पडली. अक्का बराच वेळ दोन सीटांच्या मधे पाहत होती. मग तिने हात घालून भावाच्या खटक्यातून काहीतरी उपटलं आणि तळहातावर घेतलं. मी पुढे वाकून पाहिलं. लोखंडी जीभ होती. नुसती जीभ, तिला बोटभर करड्या पट्ट्याचा तुकडा लटकलेला, सुरीने कापलेला. दोस्तांना कशाला लागतात ते मला आता कळलं.

गाडी कोकलायला लागली. भाऊ दचकला. "अक्का, काय करी ऱ्हायनी? दे ते अठे."

तिने मूठ मिटली. गाडी कोकलत राहिली. समोरून ट्रक येत होते, एकामागून एक. भावाने दोनदा हात पुढे केला, दोनदा तिने मूठ मागे घेतली.

"बांध, भाऊ," ती म्हणाली. "नहीतं पुढली आखाजीले आमना झोका कोन बांधी?"

भावाने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. पाठीमागे हात घालून, सीटच्या कव्हरखाली दाबलेला पट्टा त्याने ओढून काढला. नवाकोरा होता.